‘पुढे न्या’ची चिठ्ठी बंद करा!

आगरदांडा, राजपुरी, मुरूड आणि खाडीपल्याडच्या दिघीकरांनो,

गेल्या आठवड्यात घोणस चावलेल्या आपल्या एका शेतकरी भावाच्या हातात सरकारी रुग्णालयात पुन्हा तीच चिठ्ठी पडली : ‘पुढील उपचारांसाठी’. पुढील! आधीचे कुठे झाले? सलाइन लावलं, नाव लिहिलं, शिक्का मारला. खाटा आणि रिकाम्या जागांचं रडगाणं तुम्हाला पाठ आहे. आमचं भांडण या चिठ्ठीशी आहे.

ज्ञान नाही म्हणावं, तर ते याच जिल्ह्यात पिकलं. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाने तेव्हा शंभरात तीस-चाळीस माणसं दगावत. ते रुग्णांच्या उशाशी बसले, नोंदी ठेवल्या, पुढे रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. मृत्यू शंभरात एकावर आले. ‘लॅन्सेट’ने छापलं, जगाने वाचलं.

सापाचंही तेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर लस एकच. घोणशीच्या विषाने रक्त गोठतंय की नाही, हे पाहायला काचेची कोरडी नळी आणि वीस मिनिटं लागतात. तेवढीही नाहीत?

देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने जातात. २०२४ च्या केंद्रीय आराखड्यात २०३० पर्यंत हा आकडा निम्मा करायचं ठरलंय. म्हणजे २९ हजार मंजूर! त्यांत मलबार हिलचा कोण असणार? भाताच्या बांधावरचा अनवाणीच असणार.

‘लोक आधी भगताकडे जातात.’ जातात ना. भगत ‘पुढे न्या’ म्हणत नाही, एवढीच त्याची पात्रता.

‘लसीची रिअ‍ॅक्शन आली तर?’ येते, कधी जीवघेणीही येते. म्हणूनच अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवून लस सुरू करायची असते. खरी भीती वेगळी आहे : रिअ‍ॅक्शनने माणूस गेला तर चौकशी लागते, वाटेत गेला तर लागत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत झाले. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतचे पन्नासहून जास्त किलोमीटर मात्र ज्याचे त्याने मोजायचे.

मागणी एकच. विषाची लक्षणं दिसली, की लस सुरू केल्याशिवाय रुग्ण हलवायचा नाही. चिठ्ठीवर डोस, वेळ आणि पुढच्या डॉक्टरांशी फोनवर झालेलं बोलणं लिहायचं. लस संपली असेल, तर ‘लस शिल्लक नाही’ असं सहीनिशी लिहून द्यायचं. त्या चिठ्ठ्या जपून ठेवा. येत्या ग्रामसभेत एकेक मोठ्याने वाचू.