व्यापाऱ्याची वही आणि समाजशास्त्राचा अभ्यासक

धान्याचा व्यापारी आपल्या पेढीवर बसून नेमके काय करतो, याविषयी समाजात मते पुष्कळ आहेत. माहिती मात्र थोडी आहे. शेतकरी म्हणतो, व्यापारी भाव पाडतो. ग्राहक म्हणतो, व्यापारी भाव चढवतो. एकाच दिवशी, एकाच पोत्याबद्दल, एकाच माणसावर हे दोन्ही आरोप होतात आणि दोन्ही आरोप करणारे प्रामाणिक असतात. अशा वेळी भाषणांनी आणि निवेदनांनी काही सिद्ध होत नाही. खरे काय व खोटे काय हे ठरविण्याचा मार्ग एकच आहे. तो म्हणजे शास्त्रशुद्ध पाहणीचा. राजकारण, अर्थकारण आणि समाजरचना यांचा अभ्यास करणाऱ्या संस्था व विद्वान ते काम करीत आले आहेत. आपण व्यापारी बंधूंनी मात्र त्या अभ्यासाकडे आजवर परक्याच्या दृष्टीने पाहिले. हे आपल्या हिताचे नाही आणि आपल्या परंपरेस शोभणारेही नाही, असे माझे नम्र मत आहे.

हा अभ्यास म्हणजे केवळ पुस्तकी पांडित्य, असा एक समज आहे. तो वस्तुस्थितीस धरून नाही. सातारचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली व प्रा. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. या संस्थेने अगदी आरंभीच्या काळात कोणता विषय हाती घ्यावा? पुणे शहरातील फळांची खरेदीविक्री! १९३३ साली ती पाहणी प्रसिद्ध झाली. पुढे १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी आली. म्हणजे आपल्या देशात अर्थशास्त्राच्या संशोधनाची पहिली पावले पडली, त्यांपैकी काही बाजारपेठेतच पडली. विद्वान आपल्या दारी आले होते. दार किती उघडावयाचे, हा प्रश्न आपला होता आणि आजही आहे.

अशा पाहणीतून काय निष्पन्न होते, याचे मोठे उदाहरण अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचे आहे. रिझर्व्ह बँकेने १९५१ साली श्री. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गाडगीळ हे तिचे एक सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत घरोघर जाऊन माहिती गोळा झाली व १९५४ मध्ये अहवाल बाहेर आला. शेतकऱ्याने कर्जाऊ घेतलेल्या दर शंभर रुपयांपैकी ४४ रुपये ८० पैसे धंदेवाईक सावकाराचे, २४ रुपये ९० पैसे शेती सांभाळून सावकारी करणाराचे, १४ रुपये २० पैसे नातेवाइकांचे, ५ रुपये ५० पैसे व्यापारी व अडत्यांचे, ३ रुपये ३० पैसे सरकारचे, ३ रुपये १० पैसे सहकारी संस्थांचे आणि अवघे ९० पैसे व्यापारी बँकांचे, असा हिशेब निघाला.

हे आकडे आपण नीट वाचावेत. शेतकऱ्याची मान व्यापाऱ्याच्या उचलीत अडकली आहे, असे जे सर्रास बोलले जाई, त्यास या साडेपाच रुपयांनी मर्यादा घातली. परंतु तेवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. दोन्ही प्रकारचे सावकार मिळून सत्तर रुपयांच्या घरात जातात आणि त्यांत आपल्या समाजातील घराणीही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाहणीने आपल्या बाजूचे सांगितले तेवढे घ्यावे व विरुद्ध सांगितले ते सोडावे, हा व्यवहार सचोटीचा नव्हे.

शिवाय तो अहवाल कपाटात राहिला नाही. त्यातील शिफारशींस अनुसरून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९५६ साली सहकार व गोदामे यांविषयीचा कायदा झाला आणि १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले. आज वखारीत माल ठेवून तिच्या पावतीवर बँकेकडून उचल घेणारे आपले कितीतरी सभासद आहेत. त्या पावतीचे मूळ सहाशे खेड्यांत विचारलेल्या प्रश्नांपर्यंत जाऊन पोहोचते. संशोधनाने कायदे होतात, बँका होतात, व्यापाराच्या वाटा बदलतात. मग ज्याचा व्यापार त्यानेच तेवढे गप्प का बसावे?

आता खुद्द धान्यबाजाराकडे येऊ. श्रीमती उमा लेले या अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी महाराष्ट्रातील ज्वारी, पंजाबातील गहू, बंगाल व तमिळनाडूतील तांदूळ यांच्या घाऊक व्यापाराचा अभ्यास केला व १९७१ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. निरनिराळ्या पेठांतील भावांची तुलना करून त्यांनी असे दाखविले की, एका पेठेतील व दुसऱ्या पेठेतील भावांत जो फरक असतो, तो बहुतांशी वाहतुकीच्या खर्चाएवढाच असतो. आणि हंगामात व हंगामानंतर भावात जी वाढ होते, ती सरासरीने पाहता साठवणुकीच्या खर्चाशी मिळतीजुळती असते. जेथे हा मेळ बिघडतो, तेथे वाहतुकीच्या अडचणी व मालाच्या हालचालीवरील निर्बंध यांचाही वाटा असतो. घाऊक व्यापारात स्पर्धा नाही, ही समजूत त्यांच्या आकड्यांपुढे टिकली नाही.

या ग्रंथास दोन वर्षे होतात न होतात तोच, १९७३ च्या एप्रिलमध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःकडे घेतला. अपेक्षेएवढा गहू सरकारकडे आला नाही, भाव चढले आणि १९७४ च्या मार्चमध्ये ते धोरण सोडून द्यावे लागले. त्या वर्षात कित्येक पेढ्यांची घडी विस्कटली आणि ग्राहकासही सुख लाभले नाही. त्या वेळी आपल्या वर्गाने निषेधाचे ठराव केले असतील, बंद पाळले असतील. परंतु आपल्याच व्यापाराविषयी झालेला तो अभ्यास आपल्यापैकी किती जणांच्या हाती होता? आजही किती जणांच्या घरी आहे? रागाने मांडलेली बाजू आणि आकड्यांनी मांडलेली बाजू यांत फरक असतो, हे रोज तराजू हाताळणारास सांगावयास नको.

परंतु विद्वानांचे काम एका पुस्तकावर संपत नाही. तमिळनाडूतील उत्तर अर्काट जिल्ह्याच्या बाजारपेठा जवळून पाहिलेल्या बार्बरा हॅरिस या इंग्रज विदुषींनी १९७९ साली या पद्धतीवरच आक्षेप घेतला. दोन पेठांतील भाव एकाच वेळी चढतात व उतरतात, एवढ्यावरून स्पर्धा सिद्ध होत नाही, असे त्यांचे म्हणणे. एकाच पावसाने, एकाच सरकारी हुकमाने किंवा दोनचार बड्या व्यापाऱ्यांच्या संगनमतानेही भाव बरोबर हलू शकतात. स्पर्धा आहे की नाही हे पाहावयाचे, तर उचल कोण कोणास देतो, गिरणी व गोदाम कोणाच्या मालकीचे, नव्या माणसास त्या पेठेत शिरकाव मिळतो की नाही, हे पाहिले पाहिजे.

चाळीस वर्षांहून अधिक काळ या धंद्यात घालविल्यावर मला हा आक्षेप रास्त वाटतो. सकाळी मोठ्या पेठेतून निघालेला भाव तासाभरात दहा गावांत पोहोचतो. तो स्पर्धेने ठरला की दोघांच्या बोलण्याने, हे सरकारी भावपत्रकावरून कळणार नाही. मग कळावयाचे कशावरून? पेढीच्या वहीवरून. कोणाचा माल किती आला, कोणास काय भावाने गेला, कोणाकडे किती उधारी किती दिवस राहिली, हे सारे किर्दीत व खतावणीत नमूद असते. दोन विदुषींच्या वादाचा निवाडा करणारा पुरावा आपल्या माळ्यावर बांधून ठेवला आहे आणि आपण मात्र न्याय मिळत नाही म्हणून तक्रार करतो.

माझ्या पेढीवर एकदा एक विद्यार्थी प्रश्नावली घेऊन आला. कागदावर दोनच रकाने होते : खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव. वजाबाकी केली की नफा! मी त्यास सांगितले, बाबा रे, उदाहरणादाखल एक क्विंटल माल तीन हजारांस घेतला आणि चार महिन्यांनी तेहेतीसशेंस विकला असे धर. तुझ्या हिशेबी नफा तीनशे. आता दरमहा शेकडा एक रुपया व्याज धरले तरी गुंतलेल्या रकमेचे १२० रुपये झाले. क्विंटलमागे एक किलो माल सुकून घटला, त्याचे ३३ रुपये गेले. उरले १४७. त्यांतून हमाली, तोलाई, बारदान, गाडीभाडे, गोदामाचे भाडे, बाजार समितीचा सेस आणि कीड. शेवटी बुडीत उधारी, जिचा रकाना कोणत्याच कागदावर नसतो. त्या मुलाने हे सारे प्रश्नावलीच्या मागच्या कोऱ्या बाजूस उतरून घेतले. दोष त्याचा नव्हता. ज्यांनी ते रकाने आखले, त्यांस आपल्यापैकी कोणी कधी काही सांगितलेच नव्हते.

आपल्या बंधूंची हरकत मी जाणतो. वही दाखविली तर धंद्याचे मर्म उघडे पडेल, करखात्याचा ससेमिरा लागेल, आणि एवढे करून अभ्यासक लिहिणार आपल्याविरुद्धच. पहिल्या दोन शंकांचे उत्तर सोपे आहे. अभ्यासकास आपले नाव नको असते. ते झाकून नक्कल देता येते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या वहीत व्यापाराचे कोणते गुपित उरले असणार? तिसऱ्या शंकेचे उत्तर असे की, तो विरुद्ध लिहील तर लिहो. आपल्या समाजासंबंधीच पाहा. डॉ. विलास संगवे यांनी १९५९ साली जैन समाजाची सामाजिक पाहणी ग्रंथरूपाने मांडली. पोटभेद, विवाहाच्या चाली, स्त्रियांची स्थिती, सारे त्यांनी तटस्थपणे नोंदविले. स्वसमाजातील विद्वान जर समाजाकडे असे पाहू शकतो, तर आपण आपल्या धंद्याकडे का पाहू नये?

खरी घाई दुसऱ्याच कारणाने आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब ७२ महिने जपावे लागतात. ती मुदत टळली की वह्या रद्दीत जातात. संगणक आल्यापासून तर जुन्या वह्यांची अडगळच वाटू लागली आहे. वाडा पाडून इमारत बांधावयाची ठरली की पहिल्या प्रथम माळा रिकामा होतो. कित्येक वह्या मोडी लिपीत आहेत आणि ती वाचणारे आता थोडे उरले. अशा वहीत १९७२ च्या दुष्काळात ज्वारी आठवड्याआठवड्याला कोणत्या भावाने गेली, हमालास काय रोज मिळाला, कोणत्या गावची उधारी माफ केली, धर्मादाय खात्यातून कोठे किती गेले, गावातील एखाद्या विधवा भगिनीची ठेव पेढीवर किती वर्षे राहिली, हे सर्व असू शकते. इतका बारीक इतिहास सरकारी दप्तरात सहसा मिळावयाचा नाही.

हे कल्पनेतील बोलणे नव्हे. टिंबर्ग या अमेरिकन अभ्यासकांनी १९७१ साली एका मोठ्या मारवाडी पेढीच्या १८६० ते १९१४ या काळातील कारभाराचा अभ्यास प्रसिद्ध केला व व्यापाराच्या इतिहासास नवे दालन उघडले. आपल्या गाडगीळांनी १९५९ साली भारतातील आधुनिक व्यापारी वर्गाच्या उगमावर लिहिले, तेव्हा त्यास ‘अंतरिम अहवाल’ असे विनयाने म्हटले. त्या कामाची पूर्तता करावयाची तर साधने आपणच पुरविली पाहिजेत.

यास्तव आपल्या संघापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, सभासदांकडे कोणत्या सालच्या, कोणत्या भाषेत व लिपीत वह्या आहेत, याची एक यादी संघाने करावी. दुसरी, मान्यवर संस्थेच्या अभ्यासकास, नावे झाकण्याच्या अटीवर, त्यांची छायाचित्रे घेऊ द्यावीत. मूळ वही घरीच राहावी. तिसरी, आपल्या मुलामुलींपैकी वा बाहेरच्यांपैकी जो विद्यार्थी या साधनांवर प्रबंध लिहील, त्यास संघाने शिष्यवृत्ती द्यावी, आणि त्यात निष्कर्षाविषयी कोणतीही अट घालू नये. पैसे देऊन अनुकूल मत विकत घेतल्यास ते जाहिरातीच्या पानापलीकडे कोणी मानणार नाही. कोणाचेही खाते नावे व जमा या दोन्ही बाजू मांडल्यावाचून पुरे होत नाही; मग आपल्या धंद्याचे तरी कसे व्हावे?

यंदाच्या दिवाळीत आपण नव्या वह्यांचे पूजन करू, तेव्हा जुन्या वह्या माळ्यावरून खाली घ्याव्यात, त्यांवरील धूळ झाडावी आणि रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी त्यांवरची साले तरी एका कागदावर टिपून संघाच्या कार्यालयात पाठवावीत, एवढीच सर्व बंधुभगिनींस विनंती आहे.