दूरचा संगणक अडला तर

दुकानातला लिनक्स संगणक घरून उघडायला एसएसएच लागते आणि दोन्हीकडच्या फायली सारख्या ठेवायला आरसिंक. काम अडले की आम्ही आधी पडद्यावरचा संदेश वाचतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले, तर यंत्र बहुधा चालू आहे, त्यावरची एसएसएच सेवा बंद आहे. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पत्ता चुकला, यंत्र बंद आहे किंवा फायरवॉल आडवी आली. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे दारापर्यंत पोहोचलो, पण किल्ली किंवा पासवर्ड नामंजूर झाला.

खरा धोका आरसिंकच्या ‘डिलीट’ पर्यायात आहे. मूळ फोल्डर चुकून रिकामा असेल, तर दुसरीकडचे हिशेब आणि निकाहाचे फोटोही पुसले जातात. म्हणून आधी ‘ड्राय रन’ आणि ‘व्हर्बोज’ जोडावे. काय पुसले जाईल त्याची नुसती यादी दिसते. ती पटली, तरच पुढे जावे.