करतालाचा झणत्कार आणि नमुन्यांची संख्या

पंडवानी ही महाभारतकथा गाऊन सांगण्याची छत्तीसगडी कला. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी, एका हाती तंबुरा व दुसऱ्या हाती करताल घेऊन, ती देशोदेशी पोचविली. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्या नोकरीसही होत्या. असे गायन अंकीय, म्हणजे डिजिटल पद्धतीने मुद्रित करावयाचे, तर ध्वनीचे दर सेकंदास किती नमुने घ्यावेत? ४४,१००, ९६,००० की १,९२,०००? आकडा जितका मोठा तितका आवाज सरस, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. शास्त्राचा तिला फारसा आधार नाही.

तरुण, निरोगी कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या सिद्धांतानुसार, सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले, की मूळ लहर पुन्हा उभी करता येते. दोन नमुन्यांमधला ध्वनी हरवतो, हा समज निराधार आहे. १९८२ साली विक्रीस आलेल्या सीडीचा ४४,१०० हा आकडा या हिशेबात बसतो.

खरी मेख गाळणीत आहे. करतालाच्या धातूच्या झणत्कारात श्रवणमर्यादेपलीकडची कंपनेही असतात. समजा, त्यांत ३०,००० कंपनांचा एक स्वर आहे. तो न गाळता ४४,१०० नमुने घेतले, तर तो १४,१०० कंपनांचे सोंग घेऊन मुद्रणात शिरतो. आणि हे सोंग मात्र ऐकू येते! एकदा मिसळल्यावर ते निवडून काढणे जवळजवळ अशक्य. म्हणून गाळणी आधी हवी. २०,००० पर्यंतचे सारे सोडून २२,०५० च्या पुढचे सारे अडविणे आरंभीच्या यंत्रांना जड जात असे. पुढे प्रथम पुष्कळ अधिक नमुने घेऊन गाळण्याचे काम गणितावर सोपविण्याची युक्ती रूढ झाली, आणि ती अडचण बव्हंशी मिटली.

२००७ साली मायर व मोरान यांच्या प्रयोगात उच्च प्रतीचे मुद्रण आणि तेच सीडीच्या मापातून नेलेले मुद्रण, यांतील फरक श्रोत्यांना ओळखता आला नाही. २०१६ साली जोशुआ रीस यांनी अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात अचूक उत्तरे शेकडा ५२.३ भरली. नाणेफेकीनेही पन्नास येतात! सराव दिलेल्या श्रोत्यांचे प्रमाण याहून बरे होते, हेही नमूद केले पाहिजे.

संग्रहासाठी ९६,००० नमुने घ्यावेत. त्यामुळे गाळणीचा उतार सौम्य ठेवता येतो. परंतु वृद्ध गायकांचे मुद्रण हाती घेताना तुटपुंजा पैसा मोठ्या आकड्याच्या यंत्रावर घालून मायक्रोफोन मात्र स्वस्तातला आणणे, ही उलटी गंगा होय. तो गायक पुन्हा लाभेलच असे नाही. आणि फुटलेला आवाज व पंख्याची घरघर १,९२,००० नमुन्यांतही जशीच्या तशी उतरते.