कर्नेल ड्रायव्हरमधला ‘टाइप’चा वाद: सी की रस्ट?

मी दिघीत राहतो आणि चाकणला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी लिनक्सचे ड्रायव्हर लिहितो. मागे एका बगने आमच्या टीमचे चार दिवस खाल्ले. एका फंक्शनला व्हॉइड पॉइंटरमधून एक स्ट्रक्चर दिलं होतं, पलीकडच्या कोडने ते दुसरंच समजून वाचलं. कंपायलरने चकार शब्द काढला नाही. बोर्ड मात्र मधूनच रीबूट व्हायचा.

व्हॉइड पॉइंटर म्हणजे लेबल नसलेला डबा. आत मीठ आहे की साखर, हे फक्त ठेवणाऱ्याला माहीत. लिनक्समधला ‘कंटेनर ऑफ’ मॅक्रोही असाच विश्वासावर चालतो. आतल्या मेंबरचा टाइप तो तपासतो, पण तो मेंबर खरंच त्याच स्ट्रक्चरमधला आहे का, हे त्याला कळत नाही.

साध्या ॲपमध्ये असं झालं तर ॲप बंद पडतं. कर्नेलमध्ये अख्खं मशीन बसतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या विंडोज ड्रायव्हरने हेच दाखवलं. २१ इनपुट अपेक्षित होते, कोड २० च देत होता. एकविसावा वाचायला गेला आणि सुमारे ८५ लाख मशीन कोसळली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले.

मग रस्ट असती तर वाचलो असतो? अर्धंच. रस्ट हद्द तपासते, पण साधा इंडेक्स चुकला की पॅनिक होतं, आणि कर्नेलमध्ये पॅनिक म्हणजे मशीन बंदच. ‘व्हॅल्यू नसेलही’ हे टाइपमध्येच सांगणारा ऑप्शन वापरला, तरच ती केस आधी हाताळावी लागते.

लिनक्समध्ये रस्ट डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत आली. २०२५ च्या सुरुवातीला डीएमएच्या कोडवरून मोठा वाद पेटला. क्रिस्टोफ हेलविग यांचं म्हणणं होतं की दोन भाषा झाल्या की सांभाळणं अवघड होतं. सीमधला इंटरफेस बदलला तर रस्टचा कोड कोणी दुरुस्त करायचा, हा प्रश्न खराच आहे. लिनस टोरवाल्ड्स यांचा निवाडा असा: रस्टचा कोड बघायची सक्ती नाही, पण दुसऱ्याने तुमचा इंटरफेस वापरू नये, असंही म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या बैठकीत रस्टवरचा ‘प्रयोग’ हा शिक्का निघाला. त्याच महिन्यात रस्टमधल्या बाइंडर ड्रायव्हरला पहिला सीव्हीई क्रमांकही मिळाला. चूक ‘अनसेफ’ ब्लॉकशी जोडलेली होती.

माझ्या मते हाच रस्टचा खरा फायदा आहे. चुका संपत नाहीत, पण कुठे शोधायच्या ते कळतं. आमच्या बगला तशी जागाच नव्हती, म्हणून चार दिवस गेले.

चालू असलेला सीचा कोड फेकून देऊ नका. वॉर्निंग चालू ठेवा, मिस्रा सीचा व्हॉइड पॉइंटरबद्दलचा ११.५ हा नियम गंभीरपणे घ्या. नवा ड्रायव्हर मात्र रस्टमध्ये लिहून बघाच. आणि इंजिनिअरिंगला असाल तर आधी सी नीट शिका, नाहीतर रस्ट कशापासून वाचवते तेच समजणार नाही.