जागा वाढल्या, शिकवणार कोण?

चांगली कामगिरी असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी एका शाखेतील प्रवेशसंख्येची मर्यादा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून उठवली. त्याचा पहिला लाभ संगणक शाखेला होणार, हे उघडच होते. पालकांना हीच शाखा हवी असते आणि संस्थाचालकांनाही. मात्र या वाढीव वर्गांसमोर उभा राहणारा शिक्षक कोठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर राजधानीतील कोणत्याही नस्तीत सापडत नाही.

अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे, तर एम.टेक. ही पदवी आवश्यक ठरते. म्हणजे शिक्षकांचा झरा पदव्युत्तर वर्गातच आहे, आणि तोच आटू देण्याचे धोरण आपण चालवले आहे. ‘गेट’ उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला येणाऱ्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती २०१४ मध्ये दरमहा ८,००० वरून १२,४०० रुपये झाली. त्यानंतर दहा वर्षे हा आकडा जागचा हलला नाही. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. विद्यार्थ्याच्या खाणावळीला मात्र महागाई लागत नाही, असे गृहीत धरले गेले असावे. ‘गेट’ न दिलेल्यांना तर हेही नाही. कराड वा नांदेडच्या शासकीय अथवा अनुदानित महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या मुलाने या रकमेत पुण्या-मुंबईत दोन वर्षे काढावीत, आणि त्याच्या वर्गमित्राने सामान्य सॉफ्टवेअर कंपनीतही पहिल्याच महिन्यात याच्या दुपटीहून अधिक कमवावे, असा हा व्यवहार आहे. घरी कर्ज असलेला मुलगा कोणता मार्ग निवडेल, हे सांगायला तज्ज्ञांची समिती नको.

पैसा नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये घोषित झालेल्या पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला आरंभीच दरमहा ७०,००० रुपये देऊ करण्यात आले. तिचा लाभ मुख्यत्वे आयआयटी आणि तत्सम केंद्रीय संस्थांना. मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय मोहिमेसाठी पाच वर्षांकरिता १०,३०० कोटींहून अधिक तरतूद मंजूर झाली. कळसाला सोने मिळाले, याबद्दल तक्रार नाही. पाया मात्र कोरडाच राहिला.

शिक्षक मिळत नाहीत, तेव्हा मोजपट्टीच बदलण्याची सोयही आपल्याकडे आहे. पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा निकष २०१८-१९ मध्ये वीसवर नेण्यात आला. तुटवडा कागदावर कमी झाला, वर्गात नाही.

एम.टेक. झालेले बहुतेक जण अखेर कंपन्यांतच जातात, मग सरकारने खर्च का करावा, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला इतिहासच उत्तर देतो. १९८० च्या सुमारास संगणकतज्ज्ञांचा तुटवडा भासू लागला, तेव्हा प्रा. व्ही. राजारामन यांच्या समितीच्या शिफारशीतून एमसीए हा अभ्यासक्रम उभा राहिला. गणित वा विज्ञानाचा साधा पदवीधर सरकारी विद्यापीठाच्या माफक शुल्कात संगणक शिकला. पुढे देशाने सॉफ्टवेअरच्या निर्यातीवर जी मिरवणूक काढली, तिच्यात या पदवीधरांचा खांदा होता. हेही जातील कोठे, असा हिशेब तेव्हा कोणी मांडला नव्हता.

उपाय अवघड नाहीत. शिष्यवृत्ती महागाईशी जोडावी. सार्वजनिक महाविद्यालयांतील रिक्त पदे कंत्राटी नव्हे, तर नियमित भरतीने भरावीत. काही वर्षे शिकवण्याची हमी देणाऱ्या एम.टेक. विद्यार्थ्याला वाढीव विद्यावेतन द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. राजधानीत बसून टिपण्या लिहिणाऱ्यांनी, ज्यांत मराठी अधिकारीही आहेत, एक जुना आकडा खोडून नवा लिहायचा आहे. तोवर जागा वाढवणे म्हणजे विहीर न खणता रहाट वाढवत जाणे होय.