निरर्थक ध्रुवपदांचा अर्थ

‘आशा’ (१९५७) या चित्रपटातील, सी. रामचंद्र यांनी संगीतबद्ध केलेले ‘ईना मीना डीका’ उथळ ठरविणारा अभ्यासक ‘अटक मटक’ला मात्र लोकपरंपरा म्हणून गौरवितो. ही भूमिका विसंगत आहे. दोन्हींत शब्दार्थ क्षीण असला तरी नाद समूहाला गाण्यात ओढून घेतो. पोवाड्यातील ‘जी जी’ हेच कार्य करते. त्यातून झीलकरी शाहिराला साथ देतात. पनवेल परिसरातील आगरी-कोळ्यांची हळदीची गाणी टिपताना आमचे विद्यार्थी असे ध्वनी ‘भरीचे’ समजून गाळतात. परिणामी कागदावर शब्द उरतात, गाणारा समूह हरवतो. म्हणून ध्रुवपद प्रत्येक आवर्तनासह नोंदविणे हा संहितासंकलनाचा किमान दंडक असावा, असे आम्हांस वाटते.