वही घेताना पावसाला विचारा!

फाउंटन पेन पुन्हा इन आहे. ऑफिसात बघा ना, मीटिंग रूममध्ये आठ लॅपटॉप उघडे असतात आणि नवव्या माणसाच्या हातात मस्तपैकी निब चमकत असते. सगळ्यांच्या नजरा तिकडेच! कुणी त्याने दिवसभराची टू-डू लिस्ट लिहितं, कुणी रात्री झोपण्याआधी जर्नलमध्ये दोन ओळी खरडतं. पेन घेताना आपण महिनाभर रिसर्च करतो, मित्रांचं डोकं खातो, कलरवरून भांडतो. आणि वही? ती कव्हर बघून उचलतो.

मग घरी आल्यावर ड्रामा सुरू. अक्षरांना बारीक बारीक केस फुटतात, पानामागे अख्खा मजकूर उलटा उमटतो आणि चौथ्या दिवशी पेन ड्रॉवरमध्ये जातं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो हो!

तेव्हा या आठवड्यात वहीबद्दल. वहीत आपण काहीतरी सांभाळायला देत असतो, हे मला एका कोकणातल्या गावात, दिघीला कळलं. पण तिथे जायच्या आधी थोडे बेसिक फंडे क्लिअर करून घेऊ.

जाड म्हणजे भारी?

दुकानदाराचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. 'मॅडम, शंभर जीएसएम आहे!' आपण लगेच इम्प्रेस. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. बस्स, एवढंच. कागद शाईशी कसा वागेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

ऑफिसच्या प्रिंटरमधला कागद साधारण ७५ जीएसएमचा असतो. त्यावर जरा ओलं लिहिणारं पेन चालवून बघा, शाई हमखास फुटते. उलट जपानचा 'तोमोए रिव्हर' हा फाउंटन पेनवाल्यांचा लाडका कागद. त्याची सगळ्यात गाजलेली जात फक्त ५२ जीएसएमची! पान उलटलं की अक्षरांची सावली दिसते, पण शाई सहसा पलीकडे झिरपत नाही. मूळ कंपनीने तो बनवणं थांबवलं, आता सान्झेन नावाची जपानी कंपनी बनवते. फ्रान्सच्या रोडियाच्या पॅडचा कागद ८० जीएसएमचा आणि क्लेरफोंतेनच्या वहीचा ९०चा. तोही फाउंटन पेनवाल्यांना आवडतो.

मग सिक्रेट काय? खळ! कागद म्हणजे शेवटी तंतूंचं जाळं. त्याला मोकळं सोडलं तर तो टीपकागदासारखी शाई पिऊन टाकतो. म्हणून त्याला खळ देतात, त्यालाच कागदाच्या धंद्यात साइझिंग म्हणतात. आणि ही काही परदेशातून आलेली आयडिया नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा आणि जुन्नरचा हातकागद एकेकाळी प्रसिद्ध होता. असा कागद लिहिण्यासाठी खळ लावून, दगडाने घोटून गुळगुळीत करायची पद्धत होती. बोरू अडकू नये आणि शाई फुटू नये, म्हणून.

आजही हातकागदाच्या डायऱ्या दिसायला एकदम रॉयल असतात. पुण्यात तर १९४०पासून हातकागद संस्था आहे. पण प्रत्येक हातकागद लिहिण्यासाठी घोटलेला नसतो. काही जलरंगासाठी असतात, काही नुसते पाकिटं आणि पत्रिकांसाठी. त्यामुळे गिफ्ट म्हणून खुशाल घ्या. रोज लिहायला घ्यायची असेल, तर आधी पेन चालवून बघा.

घ, ध आणि ळची परीक्षा

वह्यांचे बहुतेक रिव्ह्यू इंग्रजी अक्षरांवर केलेले असतात. आपली लिपी जास्त डिमांडिंग आहे. शिरोरेघ मारताना प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर शाई दोनदा पडते. शाई फुटणारा कागद असेल, तर घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक गायब होतो. ळ आणि क्षच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते. म्हणून दुकानात सही करून किंवा गिरगटून बघू नका. 'घरधनी', 'भीममाळ' असले शब्द लिहा, अर्थ नसला तरी चालेल!

दुसरा मुद्दा ओळींचा. जपानच्या कोकुयो कॅम्पस वह्यांमध्ये ७ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर अशी रुळाई मिळते. इंग्रजीला ६ चालून जातं. आपल्याकडे वर वेलांटी, खाली उकार, म्हणजे वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींच्या अंगावर येतात. मराठीत लिहिणार असाल तर ८ मिलिमीटर किंवा सरळ कोरी वही घ्या.

आणि निबचंही बघा. जपानी पेनाची 'एफ' निब युरोपियन 'एफ'पेक्षा बहुधा बारीक चालते, शाई कमी सोडते. ऑफिसातल्या साध्या कागदावरच लिहायचं असेल, तर महाग वहीपेक्षा बारीक निब स्वस्तात पडते.

दिघीच्या काकूंचं रजिस्टर

आता दिघी. मुरुडच्या पुढे आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवली की खाडीपलीकडे दिघी. एका बाजूला जंजिरा, दुसरीकडे बंदर, मध्ये मासेमारीच्या होड्या. माझ्या रूममेटची काकू तिथे राहते, म्हणून एका वीकएंडला आम्ही गेलो होतो. माझी नवी वही बघून काकूंनी ती हातात घेतली, पान बोटांनी चोळलं आणि विचारलं, "भिजली तर काय राहील यात?"

मी म्हटलं, "काकू, वही कशाला भिजेल?"

मग त्यांनी गोष्ट सांगितली. काकूंचा बचत गट आहे. हिशेब लिहायचं काम गटातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे. बाईंचं अक्षर मोत्यासारखं आणि शाईपेनाशिवाय लिहायचं नाही हा त्यांचा बाणा. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. बाईंच्या घरावरचे पत्रे उडाले, कपाटात पाणी गेलं. रजिस्टर वाळवून उघडलं, तर पानापानावर फिकट निळे ढग. रक्कम नाही, नाव नाही. मधल्या काही महिन्यांत बाई आजारी होत्या, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं. तेवढंच वाचता येत होतं.

"पैसा बँकेत होता गं," काकू म्हणाल्या, "पण कोणाचा किती, ते पाण्यात गेलं."

पासबुकात गटाची एकूण रक्कम होती, बायकांची वेगवेगळी नाही. शेवटी सगळ्या जणी एकत्र बसल्या. प्रत्येकीने आठवून आपला आकडा सांगितला, कर्जाचे हप्ते कुणाचे किती राहिले तेही सांगितलं. बेरीज पासबुकाशी जुळेना. दोघींचे आकडे बसत नव्हते आणि खरं कोण सांगतंय हे ठरवायला कागद नव्हता. एकीने माघार घेतली. गट टिकला, पण ती बाई पुढच्या वर्षी बाहेर पडली. काकूंनी हे सांगताना आवाज अजिबात चढवला नाही. मला मात्र माझ्या वहीचं गुळगुळीत कव्हर एकदम फालतू वाटायला लागलं.

गंमत बघा. दिघीपासून जवळच्या दिवेआगरला सापडलेला ताम्रपट शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. या हवेत टिकवायचं, तर तेव्हाच्या लोकांनी सरळ तांब्यावर कोरलं! आपल्याला तांबं परवडणार नाही, पण शाई तरी विचार करून घेता येते.

शाई कुठली?

बहुतेक रॉयल ब्लू शाया धुतल्या जाव्यात अशाच बनवलेल्या असतात. शाळेच्या शर्टावर सांडली तर आई ओरडू नये म्हणून! शर्टासाठी बेस्ट, आठवणींसाठी नाही. त्यातला रंग पाण्यात विरघळतो, उन्हात विटतो. आपल्यापैकी कितीतरी जणांनी पहिलं अक्षर कॅमलच्या शाईने गिरवलं असेल. १९३१मध्ये मुंबईत दांडेकरांनी सुरू केलेली ही कंपनी. २०११मध्ये कोकुयोने तिच्यात मोठा हिस्सा घेतला आणि ती कोकुयो कॅमलिन झाली. कंपनी कुठलीही असो, बाटली घेताना लेबलवर वॉशेबल आहे की वॉटरप्रूफ, एवढं वाचा.

टिकाऊ हवं असेल, तर दोन पर्याय. एक, आयर्न गॉल शाई. मायफळातलं टॅनिन आणि लोहाचे क्षार यांची ही जुनी रेसिपी. लिहिताना फिकट दिसते, हवा लागली की काळी पडते आणि कागदात पक्की बसते. दुसरा, फाउंटन पेनसाठीच बनवलेली पिगमेंट शाई. दोन्ही वापरल्या तर पेन नियमित धुवायचं, नाहीतर आत सुकून बसतात. आणि प्लीज, चित्रकलेची वॉटरप्रूफ इंक पेनमध्ये भरू नका. पेन कायमचं बंद पडेल.

घेण्याआधी एवढं कराच

आपलं पेन, आपलीच शाई घेऊन दुकानात जा. सुटा सॅम्पल कागद किंवा एखादी साधी, स्वस्त वही मागा. लिहा, दहा सेकंदांनी बोट फिरवा. गुळगुळीत कागदावर शाई उशिरा वाळते. तुम्ही घाईघाईत मीटिंगमध्ये लिहिणारे असाल, तर तुमच्यासाठी थोडा शोषणारा कागदच बरा.

ते पान घरी आणून एक रात्र बाथरूममध्ये टांगा. हसू नका! जुलैतली कोकणची हवा घरबसल्या मिळते. सकाळी त्याच पानावर पुन्हा लिहा. दमट कागदावर खळीचं काम ढिलं पडतं आणि काल नीट चाललेली शाई आज फुटू शकते. मग कालच्या ओळीवर पाण्याचा थेंब टाका, टिपून घ्या आणि काय उरतं ते बघा.

बांधणी शिवलेली घ्या, म्हणजे वही सपाट उघडते आणि पानं सुटत नाहीत. पानाच्या खालच्या कोपऱ्यात हाताखाली एक जाड कागद ठेवा. घामाचा आणि हँडक्रीमचा डाग पडला की तिथे शाई बसत नाही. पावसाळ्यात वही भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि हिशेब, पत्ते, औषधं, आजीच्या लोणच्याचं प्रमाण, म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचं काही अवलंबून आहे, ते टिकाऊ शाईनेच लिहा. महिन्यातून एकदा त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा.

बाकी तुमचे मूड, ब्रेकअप आणि बॉसवरचा राग? तो खुशाल रॉयल ब्लूमध्ये लिहा. पावसात गेला तरी कुणाचं नुकसान नाही!